छळलेलं झाड जास्त देतं का?

बंद खोलीत, दिव्यांखाली गांजा वाढवणाऱ्यांकडे युक्त्यांना तोटा नसतो. कापणीआधी दोन दिवस झाडं मिट्ट अंधारात ठेवायची. मुळांना बर्फाचं पाणी घालायचं. खोडाला चीर पाडून तिच्यात काडी अडकवायची. शेंडा खुडायचा, फांद्या चिमटीत चेपून वाकवायच्या, पानं काढून झाड बोडकं करायचं. या सगळ्याला नाव एकच, ताण देणं. मागची समजूतही एकच: फुलांवरची चिकट राळ हे झाडाचं संरक्षण आहे, तेव्हा झाडाला संकटाची चाहूल लागली की ते जास्त राळ तयार करील.

कायदा देशागणिक वेगळा आहे आणि बऱ्याच ठिकाणी गांजाचं एक रोप लावणंही गुन्हा ठरतो. त्यामुळे या युक्त्या वर्षानुवर्षं तोंडोतोंडी फिरल्या, तपासल्या मात्र फारशा गेल्या नाहीत. अलीकडे चित्र बदललं आहे. कॅनडाने २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला, अमेरिकेने त्याच वर्षी औद्योगिक हेंपच्या, म्हणजे नशा न आणणाऱ्या गांजाच्या, शेतीला वाट मोकळी केली, आणि विद्यापीठांत रीतसर प्रयोग होऊ लागले. त्यांतून जे हाती आलं ते मला फार मोलाचं वाटतं. ‘ताण’ या एका शब्दाखाली आपण किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो, हे त्यातून दिसतं.

आधी राळ म्हणजे काय ते पाहू. मादी फुलांभोवतीच्या इवल्या पानांवर देठाच्या टोकाला गोळी असावी तशा सूक्ष्म ग्रंथी असतात, त्यांना ट्रायकोम म्हणतात. गांजाची खास रसायनं, म्हणजे कॅनाबिनॉइड, तयार होतात ती या गोळीत. तिथे आधी सीबीजीए नावाचं आम्ल बनतं आणि मग झाडाकडे कोणतं एन्झाइम आहे त्यानुसार त्याचं टीएचसीए किंवा सीबीडीए होतं. नशा आणणारं टीएचसी हे टीएचसीए तापवल्यावर मिळतं, आणि नशा न आणणारं सीबीडी तसंच सीबीडीएपासून. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की कोणतं एन्झाइम असणार हे जनुकं ठरवतात. काडी खुपसून जनुकं बदलत नाहीत.

आता शेंडा खुडण्याकडे येऊ. ही युक्ती खरोखर चालते. पण ती चालते त्याचं श्रेय झाडाच्या वेदनेला देणं चूक आहे. झाडाचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. खोड आणि पान यांच्या बेचक्यात फांदीचा डोळा तयार असतो, पण वरचा शेंडा शाबूत असेतो तो झोपलेला राहतो. १९३३च्या सुमारास केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी घेवड्याच्या कुळातल्या बाकला या झाडाचा शेंडा कापला आणि कापलेल्या जागी ऑक्झिन हे संप्रेरक लावलं. शेंडा नसूनही डोळे फुटले नाहीत. तेव्हापासून वनस्पतिशास्त्रात हे उत्तर पक्कं झालं: शेंड्यातून खाली वाहणारं ऑक्झिन फुटवे अडवतं.

गाडी तिथेच थांबली असती, पण ऑक्झिन डोळ्यात शिरतच नाही, असं पुढे लक्षात आलं. मग ते दाबतं कसं? २००८ मध्ये दोन संशोधकगटांनी दाखवलं, की स्ट्रिगोलॅक्टोन नावाची दुसरी संप्रेरकं फुटवे रोखतात. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटाने वाटाण्यावर आणखी एक धक्का दिला. ऑक्झिन खोडातून तासाला साधारण एक सेंटिमीटर सरकतं. शेंडा कापल्यावर दूरवरच्या डोळ्यापर्यंत त्याची कमतरता पोचायला खूप वेळ लागायला हवा, पण डोळा त्याच्या कितीतरी आधी हलू लागतो. कारण साखर. वाढत्या शेंड्याला साखरेची प्रचंड भूक असते. तो गेला, की तीच साखर वेगाने खालच्या डोळ्यांकडे वळते आणि ते जागे होतात. मला हा सगळा शोध एखाद्या घरातल्या वाटणीसारखा वाटतो: मोठा खाणारा उठून गेला, की बाकीच्यांच्या पानात पडतं.

फांदी न कापता नुसती दोरीने आडवी बांधली तरी बरंचसं असंच घडतं, कारण शेंडा सर्वांत उंच राहत नाही. खोलीत याचा उपयोग जास्त होतो. उन्हात सूर्य दिवसभर फिरतो, तिरपे किरण खालच्या फांद्यांना मिळतात. खोलीतला दिवा मात्र डोक्यावर एका जागी खिळलेला असतो. उंच शेंडा त्याच्या जवळ, बाकी झाड सावलीत. झाड पसरट केलं, की सगळी फुलं जवळपास सारख्या उजेडात येतात. म्हणजे इथे मिळणारं उत्पन्न साखरेच्या नव्या वाटणीचं आणि उजेडाचं आहे. कॅनडातल्या गुएल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात उजेडाची तीव्रता वाढवत नेली तसं फुलांचं उत्पन्न त्या प्रमाणात वाढत गेलं.

त्याच कामात अतिनील किरणांचीही परीक्षा झाली, आणि तिची कहाणी मोठी बोधक आहे. १९८७ मध्ये जॉन लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरितगृहात गांजाच्या झाडांवर यूव्ही-बी या प्रकारचे अतिनील किरण सोडले, तेव्हा मादक जातीच्या झाडांत टीएचसीचं प्रमाण वाढलेलं दिसलं. धाग्यासाठीच्या जातीत नाही. टीएचसी झाडाचं ऊन अडवणारं आवरण असावं, ही कल्पना तिथून पसरली आणि खोल्याखोल्यांत यूव्ही दिवे लागले. गुएल्फच्या गटाने २०२१ मध्ये आजच्या वाणांवर पुन्हा तपासलं, तर पानांवर हानीच्या खुणा उमटल्या आणि कॅनाबिनॉइड वाढले नाहीत. २०२२ च्या प्रयोगातही यूव्हीने फरक पडला नाही. जुना प्रयोग खोटा होता असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात निवड करकरून वाणांतलं टीएचसी इतकं वाढवलं गेलं आहे, की वर चढायला जागाच फार उरली नसावी, असं मला वाटतं.

पाण्याच्या ताणाची गोष्ट मात्र निराळी. लिंबूवर्गीय झाडांना पाणी तोडलं की नंतर बहर येतो, आणि वाइनच्या द्राक्षांना मोजून कमी पाणी दिलं जातं. म्हणजे पाण्याचा ताण काहीतरी घडवतो यात शंका नाही. माती सुकू लागली, की झाडात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि पानांवरची रंध्रं मिटतात. पण त्याच्याही आधी एक गोष्ट होते: पेशींचं फुगणं मंदावतं, म्हणजे वाढ थांबते. प्रकाशसंश्लेषण अजून चालू, वाढ बंद, अशी एक अवस्था मध्ये येते. तयार झालेला कार्बन खर्चायचा कुठे? १९९२ मध्ये डॅनिएल हर्म्स आणि विल्यम मॅटसन यांनी मांडलं, की सौम्य ताणात हा शिल्लक कार्बन संरक्षक रसायनांकडे वळतो. ताण तीव्र झाला की प्रकाशसंश्लेषणच बसतं आणि शिल्लकही संपते. ‘थोडा ताण चांगला’ या समजुतीला एवढा तरी आधार आहे.

गुएल्फमध्येच डेरॉन कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हेच तपासलं. फुलोऱ्याच्या सातव्या आठवड्यात एकदाच, जवळपास ११ दिवसांत हळूहळू माती सुकवली. ताण किती द्यायचा हे अंदाजावर न सोडता झाडातल्या पाण्याचा दाब मोजला आणि उणे १.५ मेगापास्कलला थांबले. टीएचसीएचं प्रमाण १२ टक्क्यांनी वाढलं, सीबीडीएचं १३ टक्क्यांनी. विशेष म्हणजे फुलांचं वजन घटलं नाही, त्यामुळे दर चौरस मीटरमागे टीएचसीएचं एकूण उत्पन्नही वाढलं.

वजनाचा मुद्दा मी मुद्दाम काढतो, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. समजा, न छळलेल्या झाडाने १०० ग्रॅम फुलं दिली, त्यात १५ टक्के टीएचसीए. म्हणजे १५ ग्रॅम. ताण दिलेल्याने ८० ग्रॅम दिली, पण १८ टक्के, म्हणजे १४.४ ग्रॅम. प्रयोगशाळेच्या कागदावर १८ चा आकडा पाहून माणूस खूश होतो. झाडाने मात्र जास्त काहीच बनवलेलं नसतं, ते नुसतं लहान राहिलेलं असतं.

अमेरिकेत हा प्रश्न शेतकऱ्यांच्या जिवावर बेतला होता. तिथल्या कायद्यात हेंपमधलं टीएचसी ०.३ टक्क्यांवर गेलं तर पीक नष्ट करावं लागे. पूर आला, रोग पडला, तर त्या ताणाने टीएचसी वाढेल का, ही धास्ती होती. कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये सीबीडी हेंपच्या झाडांना पाच प्रकारे गाठलं: मुळांशी पाणी साचवलं, इथेफॉन हे झाडाची वाढ नियंत्रित करणारं रसायन फवारलं, भुरी रोग लावला, तणनाशक दिलं, जखमा केल्या. सीबीडी आणि टीएचसी यांचं परस्पर प्रमाण हललं नाही. तणनाशकाने मरणपंथाला लागलेल्या झाडांत तर कॅनाबिनॉइड कमीच भरले. खोडात काडी अडकवणाऱ्यांनी यातला जखमांचा भाग दोनदा वाचावा, अशी माझी कळकळ आहे.

ताणाने एक गोष्ट बिघडू शकते, तीही मोठी. गांजात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, पण मादी झाडाला ताण बसला, विशेषतः रात्रीच्या अंधारात उजेड शिरत राहिला, तर तिच्यावर नर फुलं येऊ शकतात. मग परागकण उडतात, बी धरतं आणि झाडाची शक्ती राळेऐवजी बियांत जाते. मादीपण टिकवण्यात इथिलीन या संप्रेरकाचा वाटा असतो. दिल्ली विद्यापीठातले एच. वाय. मोहन राम आणि आर. सेट यांनी १९८२ मध्ये चांदीच्या क्षारांनी मादी झाडांवर सुपीक नर फुलं आणून दाखवली, कारण चांदी इथिलीनचा संदेश अडवते. आज नुसतं मादी बियाणं तयार करायला हीच रीत वापरतात.

ज्यांना परवानगी आहे आणि ज्यांना खरंच शोधायचं आहे, त्यांनी एकाच झाडाच्या छाटांपासून रोपं करावीत, कारण बियांपासूनची भावंडं सारखी नसतात. कडेच्या आणि मधल्या कुंड्यांना उजेड वेगळा मिळतो, म्हणून जागा सोडतीने ठरवाव्यात. एका वेळी एकच ताण द्यावा. वजन करणाऱ्याला कोणती फुलं कुठल्या झाडाची हे कळू नये. आणि निम्मी झाडं तशीच ठेवावीत, तुलनेला.

या तुलनेच्या झाडांनी काय शिकवलं त्याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जॅनेट ब्राम स्टॅनफर्डमध्ये रोनाल्ड डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेत अरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या झाडावर संप्रेरक फवारून कोणती जनुकं जागी होतात ते शोधत होत्या. काही जनुकं अर्ध्या तासाच्या आत कैक पटींनी जागी झाली. पण शेजारच्या झाडांवर नुसतं पाणी फवारलं होतं, आणि त्यांच्यातही तीच जनुकं जागी झालेली! संप्रेरकाचा काही संबंध नव्हता. झाडांना थेंबांचा स्पर्श कळला होता. १९९० मध्ये हे प्रसिद्ध झालं. बोटाने चाचपलं तरी तेच होतं, वाऱ्यानेही तेच. तेव्हा ताण दिलेल्या झाडाची पानं रोज हातात धरून पाहत असाल, तर तुलनेच्या झाडाचीही तितकीच पानं, तितकाच वेळ, हातात धरावी लागतील.