गाडगीळ सूत्र आणि सरासरीत हरवलेला माण तालुका

केंद्राकडून राज्याला पैसा किती मिळावा हा वाद निघाला की ‘गाडगीळ सूत्र’ हे नाव अजून घेतलं जातं. सूत्र १९६९ सालचं. ज्या नियोजन आयोगासाठी ते ठरलं, तो आयोगही मोडीत निघाला आणि १ जानेवारी २०१५ पासून त्याच्या जागी नीती आयोग आला. सूत्र ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या अर्थशास्त्रज्ञ धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा साताऱ्याशी असलेला संबंध मात्र सहसा कुणी सांगत नाही. सूत्राची ताकद आणि त्याची उणीव, दोन्ही कळायला तिथूनच सुरुवात करावी लागते.

केंब्रिजहून शिकून आल्यावर गाडगीळ थोडे दिवस मुंबई सरकारच्या सचिवालयात होते, नंतर सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्य. जून १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, ती साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षं, त्याच खुर्चीवर राहिले. अर्थशास्त्र ग्रंथालयात बसून करायचं नाही, गावात जाऊन मोजायचं, ही त्या संस्थेची रीत.

त्या रीतीतून १९४० साली वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी छापून आली. शेतीचा हिशेब मांडणं दुकानाच्या हिशेबाइतकं सरळ नसतं. कडबा घरच्याच बैलांनी खाल्ला, तो उत्पन्नात धरायचा का? सुताराला आणि लोहाराला खळ्यावर दिलेलं बलुतं कोणत्या खात्यात लिहायचं? वारंगुळ्याने, म्हणजे शेजाऱ्याशी आळीपाळीने देवघेव करून, आणलेल्या बैलाचं भाडं कसं लावायचं? सगळ्यांत अवघड म्हणजे घरच्या माणसांची मजुरी. समजा, एका तुकड्यावर रोख खर्च २० रुपये झाला आणि माल ४५ रुपयांचा निघाला. शेतकरी म्हणेल, २५ रुपये सुटले. घरच्या दोघांची मजुरी ३० रुपये धरली की तोच शेतकरी ५ रुपयांनी तोट्यात जातो. आकडे समजण्यापुरतेच आहेत, पण हमीभावाच्या भांडणात ‘उत्पादन खर्च म्हणजे नेमका कोणता’ हा मुद्दा आजही इथेच अडतो. शिवाय वर्षाच्या शेवटी एकदाच जाऊन विचारलं तर शेतकरी मोठे खर्च सांगतो आणि किरकोळ विसरतो. म्हणून अशा पाहणीत पुन्हा पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. १९५५ मध्ये संस्थेने सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणावरच्या दोन पाहण्याही प्रसिद्ध केल्या. त्यातला एक प्रश्न असा होता: शाळेत जाऊन आलेली माणसं पुन्हा निरक्षर का होतात?

दुसरा धागा सहकाराचा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. १९५१ मध्ये नेमलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीतही ते होते. समितीला आढळलं की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के आहे, व्यापारी बँकांचा ०.९ टक्के, आणि सावकारांचा सत्तरच्या आसपास. तिने सुचवलेली गोष्ट कृष्णाकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको: कर्ज आणि विक्री एकमेकांना बांधा. सोसायटीने पीककर्ज द्यायचं, ऊस कारखान्याला जायचा आणि ऊसबिलातून सोसायटीची कपात व्हायची. कराड, वाळवा, मिरज या पट्ट्यात हे चाललं, कारण तिथे कापून घ्यायला बिल होतं. जत-आटपाडीला किंवा माणला, म्हणजे दुष्काळी तालुक्यांत, बाजरी आणि शाळू घरी खायला किंवा आठवडी बाजारात जातो. मधे कारखाना नाही, मग कपात करणार कुठून? बांधणी तीच, पण वसुली ढिली पडते.

१९६६ मध्ये गाडगीळ राज्यसभेवर नामनियुक्त झाले. निवडणूक त्यांनी लढवली नव्हती, त्यामुळे ‘राजकारणात गेले’ म्हणण्यापेक्षा ‘राजकारणाच्या शेजारी जाऊन बसले’ म्हणणं बरं. सप्टेंबर १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. काळ बिकट होता. दुष्काळ आणि रुपयाच्या अवमूल्यनानंतर पंचवार्षिक योजना थांबली होती, वार्षिक योजनांवर गाडी ढकलली जात होती. अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारं आली होती. केंद्राची मदत तोवर योजनागणिक ठरे आणि दिल्लीत ज्याचं वजन जास्त त्याचं ताट भरे. राज्यांना लिहून ठेवलेला नियम हवा होता.

तो असा ठरला. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी बाजूला काढायची. उरलेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी ६० लोकसंख्येवर वाटायचे; १० ज्या राज्यांचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीखाली आहे त्यांनाच; १० उत्पन्नाच्या मानाने राज्य कर किती गोळा करतं त्यावर; १० आधीपासून चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी; आणि १० पूर, दुष्काळ, आदिवासी भाग अशा खास अडचणींसाठी. एखाद्या राज्यात वाटणीतल्या लोकसंख्येपैकी दहावा हिस्सा असेल तर पहिल्या ६० मधले ६ त्याचे, कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. मिळालेल्या रकमेत ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज असे. बाजूला काढलेल्या राज्यांना हेच प्रमाण ९० आणि १०. मदत म्हणून आलेल्या पैशाचा मोठा भाग व्याजासकट परत जायचा, ही तक्रार राज्यं पुढे वर्षानुवर्षं करत राहिली.

महाराष्ट्राला उत्पन्नाच्या त्या १० रुपयांतून काहीच मिळत नव्हतं, कारण मुंबईमुळे राज्याचं दरडोई उत्पन्न सरासरीच्या वर होतं. माण तालुक्यातल्या दहिवडीच्या शेतकऱ्याचं उत्पन्न मुंबईच्या गिरणीमालकाशी मिळवून भागायचं आणि येईल तो आकडा दोघांच्याही नावावर लावायचा! माणचा दुष्काळ सूत्रात शिरू शकत होता तो फक्त शेवटच्या १० टक्क्यांतून. वाईच्या शिवारात खळ्यापर्यंत जाऊन मोजणाऱ्या माणसाला हे दिसत नसेल असं मानणं कठीण आहे. पण सगळ्या मुख्यमंत्र्यांनी माना डोलवाव्यात असा नियम करायचा तर लोकसंख्येइतकी निर्विवाद मोजपट्टी दुसरी नव्हती. १९८० च्या फेरबदलात चालू प्रकल्पांचे १० टक्के काढून उत्पन्नाच्या निकषात घातले, १९९१ मध्ये तो निकष २५ वर गेला. एकक मात्र राज्यच राहिलं.

गाडगीळांनी जिल्हा हे एकक घेतलं ते बँकांसाठी. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने ऑक्टोबर १९६९ मध्ये क्षेत्रवार पतपुरवठ्याची, म्हणजे एकेका भागाचा आराखडा करून कर्ज देण्याची, शिफारस केली आणि त्या वर्षाच्या शेवटी अग्रणी बँक योजना सुरू झाली. साताऱ्याची अग्रणी बँक महाराष्ट्र बँक, सांगलीची बँक ऑफ इंडिया. जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा करून बाकीच्या बँकांकडून उद्दिष्ट गाठून घेणं हे तिचं काम, मक्तेदारी नव्हे. मे १९७१ च्या आरंभी गाडगीळांनी पद सोडलं आणि ३ मे रोजी त्यांचं निधन झालं.

सरासरीचा प्रश्न राज्याच्या आत उचलला तो गोखले संस्थेत त्यांच्यानंतर संचालक झालेल्या वि. म. दांडेकरांनी, जन्माने तेही सातारचे. त्यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष मोजला. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका मागे, तितका त्याचा अनुशेष. आकडा आला ३,१८६ कोटींच्या वर. इथे एकक जिल्हा होतं. त्यामुळे सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं महाबळेश्वर आणि पाचशेच्या आसपास पावसावर वर्ष काढणारी दहिवडी, दोन्हींची नोंद ‘सातारा’ या एकाच ओळीत झाली.