क्लॅड नाणी आणि ॲसिड डॅमेज

क्लॅड नाणं म्हणजे थरांचं नाणं. अमेरिकेत 1965 च्या कॉइनेज ॲक्टनंतर (नाण्यांचा कायदा) डाइम (10 सेंट) आणि क्वार्टर (25 सेंट) या नाण्यांमधली चांदी गेली आणि मधे शुद्ध तांबं, वर-खाली तांबं 75 टक्के व निकेल 25 टक्के अशा मिश्रधातूचे दोन पातळ थर अशी रचना आली. हाफ डॉलरमध्ये काही वर्षं कमी प्रमाणात चांदी राहिली, 1971 पासून तोही असाच झाला. नाणं उभं धरून कड बघितली की तांब्याची लालसर रेघ दिसते ती याच गाभ्याची.

अशा नाण्यावर नायट्रिक ॲसिड पडलं तर ते तांबं आणि निकेल दोन्ही खातं, आणि सगळ्या बाजूंनी एकदम खातं, मुद्दा हाच आहे. त्यामुळे नाणं चोखलेल्या गोळीसारखं सगळीकडून लहान होत जातं, म्हणजे जाडी कमी, व्यास कमी, वजन कमी. अक्षरं बाजूंनीही झिजतात म्हणून आधी बारीक होतात, मग पुसट, शेवटी नुसती सावली उरते. उभी किनार गोल होऊन खाली बसते, कडेवरच्या खाचा (क्वार्टरला 119, डाइमला 118) उथळ होतात किंवा जातातच. पृष्ठभागाची टाकसाळीची चमक पहिल्याच झटक्यात जाते आणि मॅट, खरखरीत, भिंगातून बारीक छिद्रं दिसतील असा पोत येतो.

रंग बदलायला मात्र वेळ लागतो. क्वार्टरची जाडी 1.75 मिमी, त्यात वरचा एकेक थर साधारण सहावा हिस्सा, म्हणजे 0.3 मिमीच्या आसपास, तो पूर्ण खाल्ला गेला की खालचं तांबं उघडं पडतं, आधी डागाडागांनी आणि मग सगळीकडे. तोपर्यंत 5.67 ग्रॅमचं नाणं 4 ग्रॅमच्याही खाली आलेलं असतं.

इथेच नवीन कलेक्टर फसतात, कारण तांबडी बाजू दिसली की लगेच 'मिसिंग क्लॅड लेयर' एरर, म्हणजे टाकसाळीच्या चुकीने वरचा थरच नसलेलं नाणं, सापडला असं वाटतं आणि त्या एररला खरंच चांगला भाव येतो. पण खऱ्या एररमध्ये थर नाणं पाडायच्या आधीच नसतो, त्यामुळे ठसा तांब्यावर स्वच्छ उमटलेला असतो, फार तर थोडा कमजोर, क्वार्टर असेल तर व्यास पूर्ण 24.26 मिमी, दुसरी बाजू नेहमीसारखी पांढरट आणि वजन साधारण 4.7 ग्रॅम, म्हणजे एका थराएवढंच कमी. ॲसिडवालं नाणं दोन्ही बाजूंनी खाल्लेलं असतं आणि व्यासातही कमी भरतं. म्हणून नुसता फोटो बघून निकाल देऊच नये, वजनकाटा आणि व्यास-जाडी मोजायचं कॅलिपर हातात हवेच. पातळ नाणं दिसलं की 'थिन प्लँचेट' (ठसा उमटण्याआधीच चकती पातळ असलेलं एरर नाणं) म्हणून विकणारेही भेटतात, त्यांनाही हीच तपासणी लावायची.

जमिनीत पुरलेली नाणीही तपकिरी-लाल होतात, पण ती मातीतली रासायनिक क्रिया, वजन जवळपास तेवढंच राहतं. व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड वजन फारसं घटवत नाही, पण चमक मारतं, आणि ती परत आणता येत नाही. साफ करायच्या नादात चांगल्या नाण्याचं असं वाटोळं झालेलं बघून वाईट वाटतं.

1982 मध्ये धातू बदलल्यानंतरचं एक सेंटचं नाणं क्लॅड नाही, जस्तावर तांब्याचा मुलामा आहे, तिथे उलट होतं: मुलामा कुठे खरवडला गेला असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिड तिथून आत शिरून जस्त खातं आणि तांब्याचं पोकळ टरफल उरतं. क्लॅडमध्ये असं पोकळ होत नाही, गाभाही तांब्याचाच असल्यामुळे तो बाहेरून आत झिजत जातो. दोन्ही प्रकार कलेक्टर 'पोस्ट मिंट डॅमेज' मध्येच, म्हणजे टाकसाळीबाहेर पडल्यावर झालेल्या नुकसानीतच धरतात आणि रोजच्या वापरातलं नाणं असेल तर किंमत दर्शनी मूल्याच्या वर जात नाही.