परिचर्या : नर्सिंगचा व्यवसाय आणि रुग्णसेवेची तत्त्वं

परिचर्या म्हणजे आजारी, जखमी, बाळंतीण, नवजात बाळ, थोडक्यात ज्याला स्वतःचं स्वतः करता येत नाही अशा माणसाची रीतसर शिकून आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी घेऊन केलेली देखभाल. घरात लेकीसुनांनी केलेलं थोरामोठ्यांचं यात धरत नाहीत, वॉर्डातल्या मावशी-मामांचं कामही कागदावर वेगळं, जरी प्रत्यक्षात सरमिसळ रोज होते. सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका, वर परिसेविका, त्यावर अधिसेविका म्हणजे मेट्रन अशी साधारण उतरंड असते, बाकी बोलताना सगळ्या सिस्टर आणि पुरुष असेल तर ब्रदर.

भारतात या कामाचा सगळ्यात जुना पद्धतशीर उल्लेख कुठला यावर बराच खल झालाय. बहुतेक जण चरकसंहितेपाशी येऊन थांबतात आणि ते बरोबरच वाटतं. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितलेत, वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी, आणि प्रत्येकाचे चार गुण. परिचारकाचे गुण असे: उपचारज्ञता, दाक्ष्य, रोग्याबद्दल अनुराग आणि शौच. चरकाचा काळ इ.स.पू. दुसरं शतक ते इ.स. दुसरं शतक यांच्यामध्ये कुठेही ढकलतात, पण ग्रंथाचा जो भाग दृढबलाने नंतर पुरा केला त्यात सूत्रस्थान येत नाही, त्यामुळे हा मजकूर मागाहून घुसडला असं म्हणायला फारसा आधार नाही. सुश्रुताची यादी मात्र वेगळी आहे. त्याला परिचारक प्रेमळ हवा, किळस न करणारा हवा, अंगात बळ असलेला, न थकणारा आणि वैद्याचं ऐकणारा हवा. शस्त्रकर्म करणाऱ्या परंपरेला रोग्याला धरून ठेवणारा माणूस लागणार, रक्त-पू बघून मागे सरणारा चालणार नाही, म्हणून हा फरक पडला असं एक स्पष्टीकरण देतात आणि ते पटण्यासारखं आहे. वाग्भटाने पुढे अनुरक्त, शुचि, दक्ष आणि बुद्धिमान असं म्हटलंय. कुणी या क्रमांवरून कोणता गुण थोर असं काही सिद्ध करायला जातं, पण श्लोकात वृत्त सांभाळायला शब्द पुढेमागे होतातच, तेव्हा त्यावर फार इमले बांधू नयेत.

चरकाच्याच पंधराव्या अध्यायात उपचारासाठी घर कसं बांधावं आणि तिथे माणसं कशी असावीत हेही आहे. वरण-भात रांधणारे, आंघोळ घालणारे, अंग दाबणारे, उठवणारे-बसवणारे, औषधं वाटणारे, शिवाय गाणं-वाजवणं आणि गोष्टी सांगणं जमणारे. वाचायला छान वाटतं, पण हा अध्याय राजा किंवा भरपूर पैसेवाल्यासाठी आहे असं तिथेच स्पष्ट लिहिलंय. त्यावरून त्या काळी सार्वजनिक इस्पितळं आणि त्यात नर्सिंग स्टाफ होता असं काढणं म्हणजे ताणणं झालं.

यापेक्षा जास्त ताणलेला दावा म्हणजे जगातली पहिली नर्सिंग शाळा भारतात इ.स.पू. २५० च्या सुमारास निघाली हा. नर्सिंगच्या नोट्सच्या पहिल्या पानावर तो हमखास सापडतो आणि दर १२ मेला, म्हणजे परिचारिका दिनाला, फिरतो. याच्यामागे बहुधा अशोकाचा दुसरा शिलालेख असावा. त्यात माणसांची आणि जनावरांची अशा दोन चिकित्सांची सोय केली, औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या, एवढंच आहे. ‘चिकीछा’ या शब्दाचा अर्थ काहींनी दवाखाना असा घेतला, बहुतेक जण नुसता उपचार असा घेतात आणि तेच सरळ वाटतं. शाळेचा किंवा परिचारकांचा तिथे उल्लेखच नाही. पुढे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला चिनी प्रवासी फाहियान पाटलीपुत्रातल्या धर्मादाय दवाखान्यांबद्दल सांगतो, तिथे गरिबांना अन्न-औषध मिळायचं आणि वैद्य तपासायचे. त्यानंतरच्या हजारेक वर्षांचे संदर्भ विरळच आहेत.

आधुनिक नर्सिंग इंग्रजांबरोबर आलं आणि तेही आधी लष्करात. क्रिमियन युद्धात काम केलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शाळा काढली. ती भारतात कधी आली नाही, पण इथल्या छावण्यांमधल्या घाणीवर आणि पाण्यावर तिने वर्षानुवर्षं लिहिलं. १८८८ मध्ये लष्करी दवाखान्यांसाठी प्रशिक्षित ब्रिटिश नर्सेसची पहिली छोटी तुकडी मुंबईत उतरली. मुंबईत जे.जे. (१८४५) आणि कामा (१८८६) इथे सुरुवातीला ख्रिस्ती सिस्टर्स होत्या, ‘सिस्टर’ ही हाक तिथूनच आली असं मानतात. प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय म्हणून पाठ्यपुस्तकं काशीबाई गणपत यांचं नाव आणि १८९१ हे साल देतात. मिरजेला डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलातही नर्सिंग शिकवलं जाऊ लागलं. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करतानाच गेल्या, त्या प्रशिक्षित नर्स नव्हत्या पण इथल्या मुली हे नाव या व्यवसायाशी जोडतात ते उगाच नाही.

वरच्या जातींतल्या बायकांना या कामात यायला बराच वेळ लागला. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, आणि सोवळ्याचं काय? म्हणून सुरुवातीला ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुलीच जास्त दिसतात आणि पुढे केरळच्या. पुण्यात हे कोडं थोडं सुटलं ते रमाबाई रानडेंच्या सेवासदन या संस्थेमुळे (१९०९). त्यांनी विधवा आणि परित्यक्ता बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, त्यावर लोक बोलले, तरी काम चालू राहिलं.

व्यवसायाची संघटना (ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन) १९०८ ची, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा आणि महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६६ चा.

रुग्णसेवेची तत्त्वं म्हणून पुस्तकांत लांबलचक याद्या असतात. मुळात चार-पाच गोष्टी आहेत: सतत लक्ष ठेवणं, संसर्ग होऊ न देणं, औषध बरोबर देणं (बरोबर पेशंट, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ), रुग्णाची लाज आणि गुपित राखणं, आणि केलेलं सगळं लिहून ठेवणं. टीपीआर (ताप, नाडी, श्वास), इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं), ड्युटी बदलताना बेडपाशी उभं राहून दिलेला ओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला सांगितलेली रुग्णाची हकिगत, हे सगळं त्यातूनच येतं.

यात पाठीची काळजी हा विषय जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण नर्सिंग चांगलं की वाईट हे तिथे लपत नाही. हाड आणि गादीच्या मध्ये कातडी सतत दाबली गेली की बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि तेवढा भाग मरतो, हाच बेडसोअर. माकडहाड, टाचा, खुबे, डोक्याची मागची बाजू या ठरलेल्या जागा. साधारण दोन तासांनी कूस बदलावी असा नियम, पण गादी कशी आहे आणि रुग्ण किती खंगलाय त्यावर तो कमीजास्त होतो. बेडचं डोकं फार वर केलं की रुग्ण खाली घसरतो आणि आतल्या आत ताण बसतो, म्हणून ३० अंशांच्या आसपास ठेवतात. धोका मोजायला ब्रेडन स्केल आहे, ६ ते २३ गुण, १८ किंवा कमी आले की सावध व्हायचं. पहिली खूण म्हणजे बोटाने दाबल्यावर न फिकटणारी लाली, सावळ्या कातडीवर ती पटकन दिसत नाही म्हणून हात लावून ऊबही बघावी. आपल्याकडे स्पिरिट-पावडर लावून चोळायची जुनी पद्धत होती, आता लाल झालेला भाग चोळू नये असंच सांगतात. टाचेखाली पाणी भरलेला ग्लोव्ह ठेवणं अजून दिसतं, त्यापेक्षा पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवणं चांगलं.

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग यांचं उदाहरण याच संदर्भात देतात. २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाल्यापासून १८ मे २०१५ ला जाईपर्यंत तिथल्या नर्सेसच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं, आणि इतकी वर्षं खिळून असूनही त्यांना एकही बेडसोअर झाला नव्हता याची दखल २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने घेतली. तो निकाल लोकांना दयामरणासाठी आठवतो, नर्सिंगच्या वर्गात या एका ओळीसाठी.

शिक्षणात एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ (दोन वर्षं), जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी (तीन वर्षं) आणि बीएस्सी नर्सिंग (चार वर्षं) असे मुख्य कोर्स आहेत, वर एमएस्सी. देशात पदवीचं शिक्षण १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झालं, मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ चं. मुलगेही आता बऱ्यापैकी येतात. केंद्र सरकारच्या दवाखान्यांत स्टाफ नर्सला आता नर्सिंग ऑफिसर म्हणतात.