दुकानातली सूट आणि जीएसटी: पात्रता, कागदपत्रं आणि बिलिंगची सेटिंग

महाल भागातल्या एका दुकानात दिवाळीच्या गर्दीत बिलिंग नीट करायला बसलो होतो. कुर्त्याची करापूर्वीची किंमत २७०० रुपये, बाहेर १० टक्के सुटीची पाटी. बिल निघालं २८६७ रुपये ४० पैशांचं. ग्राहक ताई म्हणाल्या, "भाऊ, ही सूट आहे का दंड?"

सॉफ्टवेअरने सूट बरोबर वजा केली होती, २४३० वर आणली होती. चूक दरात होती. तयार कपड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याहून महाग नगाला १८ टक्के जीएसटी आहे, आणि हा टप्पा प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवर ठरतो. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वस्तूंच्या यादीत, १८ टक्के पक्के बसवले होते, म्हणून तेच लागले. खरा कर १२१ रुपये ५० पैसे, बिल २५५१ रुपये ५० पैसे. चपला-बुटांनाही जोडीमागे हाच नियम. सॉफ्टवेअरमध्ये किमतीनुसार दर बदलायची सोय असेल तर ती आधी चालू करा.

आता पात्रता. बिलावर जीएसटी लावायला नोंदणी हवी. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांवर गेली की ती बंधनकारक. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतःच कर भरण्याची योजना घेतलेल्या छोट्या दुकानदारांना, ग्राहकाकडून कर घेताच येत नाही. त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये 'बिल ऑफ सप्लाय' (कर न लावलेलं बिल) निवडावं आणि कराचा रकाना बंद ठेवावा. अर्ज जीएसटी पोर्टलवर, फॉर्म आरईजी-०१. पॅन, आधार, फोटो, दुकानाचं लाइट बिल, जागा भाड्याची असेल तर भाडेकरार, एवढं स्कॅन करून ठेवा. अर्ज गेला की एआरएन, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळतो. बँक खात्याची माहिती नंतर दिली तरी चालते, पण नोंदणी मिळाल्यापासून ३० दिवसांत किंवा पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) भरण्याआधी, जे आधी येईल तेव्हा.

सूट करपात्र किमतीतून वजा व्हायला केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ ची अट साधी आहे: ती विक्रीच्या आधी किंवा विक्रीच्या वेळी दिलेली असावी आणि बिलावर लिहिलेली असावी. तोंडी सूट देऊन गल्ल्यातून शंभराची नोट परत केली, तर कर पूर्ण रकमेवरच. कंपनीच्या कूपनची रक्कम कंपनी तुम्हाला भरून देत असेल, तर तीही तुमच्या विक्रीचाच पैसा. वजा करू नका. गिफ्ट व्हाउचर सुटीच्या रकान्यात टाकणारे बरेच भेटतात. ते पैसे देण्याचं साधन आहे, रोख किंवा यूपीआयसारखं.

ठोक रकमेच्या सुटीत घोळ जास्त. १८ टक्क्यांची वस्तू, करासह ११८०. करासह किमतीतून १०० वजा केले तर ग्राहक १०८० देतो आणि त्यातला कर १६४ रुपये ७५ पैसे. करापूर्वीच्या १००० मधून वजा केले तर बिल १०६२, कर १६२. दोन्ही चालतं, पण पाटीवर जे लिहिलं तेच सॉफ्टवेअरमध्ये लावा.

एकाच बिलात ५ टक्क्यांचा २००० चा आणि १८ टक्क्यांचा ३००० चा माल असेल, तर करापूर्वीची ५०० ची सूट २०० आणि ३०० अशी वाटली जायला हवी. कर होतो ५७६. सगळी सूट १८ टक्क्यांच्या ओळीवर टाकणारं सॉफ्टवेअर ५५० दाखवतं. २६ रुपये कमी भरले जातात. रोजची पन्नास बिलं धरा.

कर जास्त घेतला गेलाच, तर मूळ बिलात खाडाखोड नको. त्या बिलाचा क्रमांक घालून क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढा आणि ग्राहकाचे पैसे परत करा. विवरणात ती दाखवायची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तेव्हापर्यंतच. त्या ताईंचे ३१५ रुपये ९० पैसे तिथल्या तिथे परत झाले, क्रेडिट नोट मात्र दुकान बंद झाल्यावर काढली.