थायरॉइड कॅन्सरची जनुकीय चाचणी: कोणाची, कशातून आणि कोणत्या कागदांवर

डॉक्टरांनी ‘जनुकीय चाचणी करा’ म्हटलं की आधी विचारा: रक्तातून की गाठीतून? फॉर्म वेगळे, नमुने वेगळे, निकालाचा अर्थही वेगळा. रक्तात सापडणारा आनुवंशिक दोष जन्मापासून शरीरभर असतो आणि मुलांकडे जाऊ शकतो. गाठीतला बदल बहुतेक वेळा गाठीपुरताच असतो. पॅपिलरी कॅन्सरच्या (थायरॉइड कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) रिपोर्टवर ‘ब्राफ व्ही६००ई पॉझिटिव्ह’ (ब्राफ जनुकातला एक ठरावीक बदल) दिसलं म्हणून भावंडांना तपासणीला पळवू नका. हा बदल वारशाने येत नाही.

रक्तचाचणीला पात्र कोण?
मेड्युलरी (थायरॉइड कॅन्सरचा कमी आढळणारा प्रकार) प्रकाराचा प्रत्येक रुग्ण, मग वय कितीही असो आणि घरात आधी कोणाला झालेला असो वा नसो. या प्रकारातले साधारण २५ टक्के कॅन्सर आनुवंशिक असतात आणि दोष आरईटी जनुकात असतो. आई किंवा वडिलांकडे तो असेल, तर प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता ५० टक्के. तो सापडला की आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं पात्र ठरतात. मुलांच्या बाबतीत चालढकल अजिबात नको. कोडॉन (जनुकातली क्रमांक दिलेली जागा) ९१८ चा आनुवंशिक बदल असेल तर थायरॉइड ग्रंथी वयाच्या पहिल्या वर्षातच काढण्याचा सल्ला दिला जातो. ६३४ चा असेल तर पाचव्या वर्षापर्यंत.

पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर (थायरॉइड कॅन्सरचा आणखी एक प्रकार) असेल तर सरसकट रक्तचाचणी होत नाही. कुटुंबात मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप (छोट्या मांसल वाढी), काउडन सिंड्रोम (कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक आजार) किंवा डायसर-१ या जनुकात दोष असेल, तर मात्र ते आवर्जून सांगा.

गाठीची चाचणी
पसरलेल्या, रेडिओआयोडीनला (किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराला) दाद न देणाऱ्या किंवा अ‍ॅनाप्लास्टिक (अतिशय वेगाने वाढणाऱ्या) कॅन्सरमध्ये औषध ठरवण्यासाठी ही मागवतात. ब्राफ व्ही६००ई असेल तर डॅब्राफेनिब-ट्रामेटिनिब, आरईटीमध्ये बदल असेल तर सेल्परकॅटिनिब असे पर्याय खुले होतात. एक गफलत इथे हमखास होते: मेड्युलरी गाठीत ९१८ सापडला, म्हणजे आनुवंशिकच, असं धरलं जातं. तोच बदल आनुवंशिक नसलेल्या गाठींतही वारंवार दिसतो, त्यामुळे निवाडा रक्तानेच होतो.

कागदपत्रं
डॉक्टरांचं सहीचं मागणीपत्र, ओळखपत्र, हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (गाठीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीचा), भरलेलं संमतिपत्र (अल्पवयीनासाठी पालकांची सही) आणि तीन पिढ्यांची माहिती: कोणाला कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी. नातेवाइकाचा दोष आधीच सापडला असेल, तर त्या मूळ रिपोर्टची प्रत हा सगळ्यात मोलाचा कागद. त्यावर कोडॉन क्रमांक असतो, त्यामुळे लॅबला नेमका तोच बदल शोधता येतो. ‘मामांचा टेस्ट पॉझिटिव्ह होता’ एवढ्यावर काम भागत नाही.

गाठीच्या चाचणीसाठी पॅथॉलॉजी विभागाकडून पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) मागवा आणि ब्लॉकचा नंबर रिपोर्टशी जुळतो का ते तिथेच पाहा. हाडातल्या गाठीचा नमुना अ‍ॅसिडमध्ये ठेवलेला असेल, तर त्यातला डीएनए खराब झालेला असतो. शक्यतो दुसरा ब्लॉक द्या.

प्रक्रिया
आधी समुपदेशन, मग सही, मग जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त. उपाशीपोटी जावं लागत नाही. दुसऱ्याकडून अस्थिमज्जा घेतली असेल तर फॉर्मवर लिहा, नाहीतर रक्तातून दात्याचाच डीएनए तपासला जाईल. निकालात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला तर तो पॉझिटिव्ह धरून कोणाचीही शस्त्रक्रिया करू नये.

आरईटीचा निकाल आनुवंशिक निघाला, तर मोठ्या माणसाच्या मानेच्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी मेटानेफ्रिनची (अ‍ॅड्रेनलिनसारख्या संप्रेरकांपासून बनणाऱ्या घटकांची) तपासणी करून घ्या. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा (रक्तदाब वाढवणारी संप्रेरकं सोडणारी गाठ) लपलेला असेल, तर भूल दिल्यावर रक्तदाब जीवघेणा वाढू शकतो. म्हणून आधी ती गाठ काढतात, थायरॉइड नंतर.