बदकाचं पीस आणि अळवाचं पान

अळूवडीसाठी आणलेलं पान एकदा पाण्याने भरलेल्या पातेल्यात पूर्ण बुडवून जरा तिरकं धरा. हिरवं पान चांदीचं दिसायला लागतं. ती चांदी म्हणजे पानाला बिलगून पाण्याखाली गेलेला हवेचा पातळ थर. पान बाहेर काढलं की कोरडंठाक. आता बोटाला भांडी घासायच्या साबणाचा थेंब लावून पानावर एक रेघ ओढा आणि पान पुन्हा बुडवा. रेघेपुरती चांदी गेलेली असते.

ट्राउटसाठी गळ टाकणाऱ्या माणसाची सगळी धडपड ही चांदी टिकवण्याची असते. फक्त त्याच्याकडे पानाऐवजी पीस असतं.

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. काश्मीरला जाऊन आलेल्यांनी पहलगामला लिद्दर नदीच्या काठी गळ घेऊन उभी असलेली माणसं पाहिली असतील. तिथली तपकिरी ट्राउट १९०० साली ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांची प्रजा. पाण्यावर उतरलेले किडे हे तिचं आवडतं खाणं. म्हणून गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटा किडा करायचा आणि तो पाण्यावर तरंगत सोडायचा. याला म्हणतात ‘ड्राय फ्लाय’, कोरडी माशी. दक्षिण इंग्लंडमधल्या टेस्ट नदीसारख्या नितळ, चुनखडीच्या प्रवाहांवर ही कला घडली. फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ मध्ये तरंगत्या माश्या बांधण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यानंतर तिथल्या मंडळींनी तिचा जवळजवळ धर्म करून टाकला.

पण गळ पोलादाचा, पाण्यापेक्षा जवळपास आठपट घन. तो तरंगतोच कसा? पृष्ठताणामुळे. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो, आणि त्याची ताकद मोजता येते: न भिजणाऱ्या वस्तूची कड पाण्याला टेकली असेल, तर दर मिलिमीटर कडेमागे तो जास्तीत जास्त सुमारे ७ मिलिग्रॅम वजन पेलतो. माशी दोन तांदळाच्या दाण्यांइतकी, म्हणजे ५० मिलिग्रॅमची धरू. सगळ्या तंतूंच्या टेकलेल्या कडा मिळून ७-८ मिलिमीटर भरल्या की काम झालं. कोंबड्याच्या मानेवरच्या पिसाचे ताठ तंतू गळाभोवती चक्रासारखे उभे केले, की एवढी लांबी सहज मिळते.

मग ती बुडते कशामुळे? तर त्याच पृष्ठताणामुळे! रंगाचा ब्रश पाण्यातून काढला की त्याचे केस एकमेकांना चिकटून टोक होतं, ते आठवा. तंतू भिजायला लागले की पाणी त्यांच्या फटींत शिरतं, त्यांना एकत्र ओढतं आणि फटींतली हवा हाकलून देतं. फुललेल्या पिसाचा ओला बोळा होतो. मघाशी उचलून धरणारा पडदा आता आत खेचत असतो. तो कोणाच्या बाजूने लढणार, हे ठरतं स्पर्शकोनावर, म्हणजे पाण्याचा थेंब त्या वस्तूवर पसरतो की गोळा होऊन बसतो यावर. कोन जितका मोठा, तितका थेंब गोल.

इथे बहुतेकांची समजूत अशी की तेल-मेण लावलं की झालं. जुन्या काळी पॅराफिन लावत, आता सिलिकोनची जेल मिळते. उपयोग होतो, नाही असं नाही. पण गुळगुळीत पृष्ठभागावर कसलाही लेप चढवला तरी स्पर्शकोन १२० अंशांच्या फारसा पुढे जात नाही. अळवाच्या पानावर तो १५० च्याही वर असतो. हा फरक मेणाने पडत नाही. तो पडतो पानावरच्या सूक्ष्म उंचवट्यांनी आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या हवेने. थेंब बराचसा हवेवरच बसलेला असतो. कॅसी आणि बॅक्स्टर या दोघांनी १९४४ मध्ये याचं गणित मांडलं. ते कापडाच्या संशोधनातले, पण त्यांनी बदकाच्या पिसांचाही विचार केला होता. बारीक तंतू आणि त्यांच्यात नेमकं अंतर, हीच पिसाची करामत. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल पीस लवचिक ठेवतं, पाणी परतवायला हातभारही लावतं. मुख्य भिस्त मात्र तंतूंच्या विणीवर.

त्या ग्रंथीभोवतीची मऊ पिसं हा गळवाल्यांचा खजिना. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या जुरा भागात ती माश्यांसाठी वापरात आली. फ्रेंच नाव ‘क्यू द कानार’, म्हणजे सरळ मराठीत बदकाचं ढुंगण. या पिसाला अगणित बारीक, वळणदार तंतू असतात आणि त्यांत हवा धरून राहते. नवशिका काय करतो? अशा माशीला जेल फासतो. तंतू चिकटतात, हवा जाते, माशी बुडते. तेल वाढलं आणि तरंगणं संपलं!

दुसरा शत्रू खुद्द ट्राउट. तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर पिसाला लागला की पातेल्यातल्या त्या साबणाच्या रेघेसारखी गत होते. म्हणून मासा सोडवला की माशी आधी पाण्यात खळखळून धुतात. कोरडी करायची गोष्ट आधी भिजवायची, हे विचित्र वाटतं, पण चिकटा काढल्याशिवाय पुढचं सगळं फुकट. मग रबरबँडला गळ अडकवून तो टणकन वाजवायचा, पाणी तुषारांसारखं उडतं. शेवटी ती एका छोट्या बाटलीत घालून हलवायची. बाटलीत दोन प्रकारची सिलिका असते. एक, नव्या बुटांच्या खोक्यातल्या पुडीत असते ती, पाणी शोषणारी. दुसरी अतिसूक्ष्म भुकटी, रासायनिक प्रक्रिया करून पाणी झिडकारणारी बनवलेली. तिचे कण तंतूंवर चिकटून त्यांना खडबडीत करतात. थोडक्यात, अळवाचं पान बाटलीत भरून मिळतं.

एवढ्या खटाटोपानंतर ट्राउटला काय दिसतं? खालून पाहणाऱ्या माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसतं. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो. त्या आरशात ट्राउटला माशी खिडकीत येण्याआधी तंतूंनी पाडलेल्या खळ्यांच्या ठिणग्या दिसतात.

आणि कधीकधी ती पूर्ण कोरड्या माशीकडे ढुंकूनही पाहत नाही. तिला हवा असतो कोषातून निघता निघता पडद्यातच अडकलेला किडा, अर्धा वर, अर्धा खाली. मग तोच माणूस, ज्याने सकाळभर पिसं सुकवली, फक्त वरच्या पिसाला चिमूटभर भुकटी लावतो आणि माशीचं अंग मुद्दाम थुंकीने ओलं करतो.