काइटसर्फिंगमधील सुरक्षितता

काइटसर्फिंग : मोठ्या पतंगाच्या ओढीवर, पायाखाली फळी घेऊन पाण्यावरून वेगाने घसरत जाण्याचा खेळ. पतंग साधारण ५ ते १७ चौरस मीटरचा असतो, दोऱ्या २० ते २७ मीटरच्या, आणि सगळी ओढ कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्यावर, म्हणजे हार्नेसवर येते. पाण्यात पडूनही पुन्हा उडवता येईल अशा, हवा भरून फुगवायच्या पतंगाचे पेटंट फ्रान्समधील ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये घेतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. शर्यती मार्सेलच्या समुद्रात झाल्या.

संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवणाऱ्याला ओढ वाढली की ढील द्यायची, हे सांगावे लागत नाही. काइटसर्फिंगची सुरक्षितता याच ढिलीवर उभी आहे. फरक एवढाच की इथे पतंग माणसाला उचलून नेऊ शकतो. हातातला दांडा अंगाकडे ओढला की पतंगाचा जोर वाढतो, दूर ढकलला की कमी होतो. घाबरलेला माणूस मात्र दांडा छातीशी घट्ट धरतो आणि जोर आणखी वाढवून घेतो. अनेक वाईट अपघातांचे मूळ या एका घट्ट पकडीत असते. म्हणून पहिला धडा हात सोडण्याचा. दांडा सोडूनही ओढ थांबली नाही, तर दांड्याला हार्नेसशी जोडणाऱ्या कडीवरचा (तिला चिकन लूप म्हणतात) क्विक रिलीज, म्हणजे झटक्यात सोडवणारा खटका, पुढे ढकलायचा. मग पतंग एकाच दोरीवर लोंबतो आणि निपचित पडतो. तरीही तो ओढत राहिला, तर पतंगाला आपल्याशी बांधून ठेवणारी शेवटची दोरी, लीश, तीही सोडून द्यायची. पतंग महाग असतो, पण तो जाऊ द्यावा. ही क्रिया डोळे मिटून जमेपर्यंत काठावर घोटावी, आणि दर वेळी पाण्यात उतरण्यापूर्वी रिलीज एकदा उघडून बघावा. वाळूचे कण अडकले की तो ऐन वेळी घट्ट बसतो.

वारा दीडपट झाला की ओढ सव्वादोन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटरला, सुखाने चाललेला पतंग १८ नॉटला आवरेनासा होतो तो यामुळे. दिशाही तितकीच महत्त्वाची. काठाकडे तिरका येणारा वारा चांगला. काठावरून आत वाहणाऱ्या वाऱ्यात कधीही उतरू नये, तो माणसाला खोल पाण्यात नेतो.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. हा खेळ शिकवणाऱ्या शाळा गोव्यात, रामेश्वरमला आहेत आणि शिकावे ते तिथेच. पण आषाढात पैठणला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठी उभे राहिले की पश्चिमेचा वारा अंगावर येतो, पाण्यावर लाटा उठतात, आणि शिकून आलेल्याला हे पाणी खुणावू लागते. त्याने उतरू नये, असे स्पष्ट सांगितले पाहिजे. धरणाची भिंत जलाशयाच्या पूर्वेकडे आहे. पावसाळी वारा ताबा सुटलेल्या माणसाला भिंतीच्या दगडी पिचिंगकडेच नेणार. काठाकाठाने शेतकऱ्यांच्या मोटारी, त्यांचे पाइप आणि डोक्यावर विजेच्या तारा. पंचवीस मीटरची ओली दोरी तारेत अडकली तर क्विक रिलीजपर्यंत हात जायलाही वेळ मिळणार नाही. पाण्याखाली बाभळीची खोडे, बुडालेल्या घरांचे चौथरे, भोयांनी टाकलेली जाळी. शिवाय हे पाणी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात तिथे माणसाचा पतंग नकोच.

उन्हाळ्यातला वळीव हा वेगळा धोका. दुपारी वारा पडतो, उकाडा होतो, आभाळ काळवंडते आणि क्षणात धुळीचा लोट येतो. त्या पहिल्या झोताचा वेग आधीच्या वाऱ्याच्या कितीतरी पट असतो, आणि पाठोपाठ विजा. मराठवाड्यात दरवर्षी शेतात माणसे, जनावरे विजेने दगावतात. उघड्यावर दोरीने आभाळाशी जोडलेल्या माणसाबद्दल तर वेगळे सांगायलाच नको. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याची सूचना देते. माळावर सरावाचा छोटा पतंग उडवतानाही ते बघावे, आणि पहिला गडगडाट ऐकताच पतंग खाली घ्यावा.

पतंग उतरवायला काठावर जाणता सोबती लागतो. त्याला खूण करायची ती आपल्याच डोक्यावर हात थोपटून. सोबत हेल्मेट, तरंगायला मदत करणारे जाकीट आणि दोरी कापायची आकडी सुरी असावी. पाण्यात अडकलाच, तर दोऱ्या दांड्यावर गुंडाळत पतंगापर्यंत जाऊन त्यालाच शिडासारखे धरून काठ गाठता येतो.

पतंगावर आपला फोन नंबर ठळक लिहून ठेवावा. सोडून दिलेला पतंग तरंगताना दिसला की लोक माणूस शोधायला पाण्यात शिरतात. नंबर असेल तर एका फोनवर कळते की माणूस सुखरूप काठावर आहे.